हे कापणार कोण?

श्रावणात कोल्हापुरात अवेळी बेल वाजली, तर दार उघडण्याआधी खिडकीतून बघून घ्यावं. मंडळाची वर्गणी मागायला पोरं आली असतील तर खुशाल उघडावं. पावती फाडली की ती जातात. शेजारचे आप्पा वायरची पिशवी घेऊन उभे असतील, तर मात्र टीव्हीचा आवाज बंद करून घरात कोणी नाही असं भासवण्याची रीत आहे. कारण आप्पांना काही मागायचं नसतं, द्यायचं असतं. पिशवीत दोडकी असतात.

“वैनी, घरची हायती. औषध न्हाई, फवारणी न्हाई. न्ह्या की!”

“आप्पा, परवाचीच अजून फ्रिजात हायती वो.”

“ती परवाची. ही आजची.”

या युक्तिवादाला उत्तर नाही. पिशवी आत येते. शिवाय ती रिकामी परत द्यायची नसते, म्हणून आपल्या परसातली तीन घोसाळी तिच्यात जातात. आप्पांच्या घरी घोसाळी आधीच पाच असतात. ती संध्याकाळी पुढच्या गल्लीत जातात आणि तिथून पडवळ घेऊन परत येतात. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, राजारामपुरी अशा चार हात मोकळी जागा असलेल्या भागांत पावसाळाभर हा व्यवहार चालू असतो. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत परस उरलं नाही, म्हणून तिथं तो गच्चीवरून चालतो. या व्यवहारात कोणी श्रीमंत होत नाही, कोणी गरीब होत नाही. फक्त सगळ्यांच्या फ्रिजमधला खालचा कप्पा भरलेला राहतो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. परसबागेला अशी मोजपट्टी अजून कोणी लावलेली नाही. लावली तर हिशेब सोपा आहे. दिवसाला दोन दोडकी म्हणजे सुख, पाच म्हणजे इशारा पातळी, आणि दहाच्या पुढं शेजाऱ्यांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावं.

मुळात कोल्हापूर आणि भाजी हे नातं जरा सावत्रच. ज्या गावाची ओळख तांबड्या-पांढऱ्या रश्शानं सांगितली जाते, तिथं दोडक्याला मान मिळावा तरी कसा? बुधवार, शुक्रवार, रविवार ठरलेले. उरलेल्या वारांना भाजी चालवून घेतात. पण निसर्गाला इथलं पंचांग पाठ आहे. जूनच्या पावसात लावलेला वेल आषाढभर मांडवावर चढतो आणि नेमका श्रावणात बहरतो. म्हणजे ज्या महिन्यात अख्खं गाव मटण सोडून बसलेलं असतं, त्याच महिन्यात दोडकं म्हणतं, आता बोला. इतर अकरा महिन्यांत दोडक्याचं पीक आलं असतं, तर कोल्हापुरात परसबाग नावाची गोष्ट टिकलीच नसती.

या बागा करणारी मंडळी बहुतेक निवृत्त. आयुष्यभर बँकेत, कारखान्यात, शाळेत दुसऱ्याच्या हिशेबानं राबलेला माणूस निवृत्तीचे पैसे हातात आले की रोपवाटिकेत जातो. तिथून येताना त्याच्याकडे सहा कुंड्या, निंबोळी पेंड, शेणखत, कोकोपीट, झारी आणि आत्मविश्वास असतो. मग वेलासाठी मांडव हवा. दुसऱ्या गावात माणूस चार बांबू रोवून सुतळी बांधतो. कोल्हापूरचा माणूस शिवाजी उद्यमनगरात जातो. ज्या कारागिराच्या हाताखालून इंजिनांचे नि यंत्रांचे सुटे भाग गेले, तो दोडक्यासाठी मांडव करतो, तेव्हा पाइप दोन इंची येतो, चारी कोपऱ्यांना काँक्रीट पडतं, वेल्डिंग डबल होतं आणि वर रेड ऑक्साइडचे दोन हात बसतात. वेल चार महिन्यांत वाळून जातो. मांडव तेवढा नातवाच्या मुंजीपर्यंत उभा राहतो.

पहिल्या दोडक्याची किंमत काढायची नसते. एका हिशेबी जावयानं एकदा काढली होती. मांडव, माती, पाण्याची मोटर आणि कंबरेच्या डॉक्टरची फी धरून तो आकडा त्यानं जेवताना सांगितला. पुढच्या दिवाळीला त्याला पाडव्याचं आमंत्रण फोनवर गेलं.

चेष्टा बाजूला ठेवू, कारण या वेडाला कोल्हापुरात फार मोठी परंपरा आहे. प्रयोग परिवाराचे श्रीपाद अच्युत दाभोळकर याच गावचे. गणिताचे प्राध्यापक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवलेले. झाड म्हणजे पानांनी ऊन गोळा करणारं यंत्र आहे, तेव्हा किती पान किती ऊन धरतं याचा हिशेब करा, पालापाचोळा नि उसाची चिपाडं फुकट घालवू नका, आणि प्रत्येकानं आपल्या वाफ्याचा शास्त्रज्ञ व्हा, असं ते सांगत राहिले. त्यांच्या परिवाराशी जोडलेल्या शेतकऱ्यांनी द्राक्षाच्या शेतीत नाव काढलं. शहरातल्या माणसाला त्यांनी गच्चीवर पिशव्यांतून भाजी पिकवायला शिकवलं. त्यांच्या मराठी पुस्तकाचं नाव ‘विपुलाच सृष्टी’ आणि इंग्रजीतल्या पुस्तकाचं नाव ‘प्लेंटी फॉर ऑल’. दोन्ही नावांत विपुलता आहे. त्यांचं गणित मनावर घेतलं आणि वाफा खरोखर बोलू लागला, की पुढचा प्रश्न गणितातला राहत नाही, स्वयंपाकघरातला होतो. या सगळ्या विपुलतेचं करायचं काय?

इथं घरात दोन पक्ष पडतात. एक पिकवणाऱ्यांचा, दुसरा टिकवणाऱ्यांचा. पिकवणारा सकाळी सहाला अंगणात असतो. तो वेलाशी बोलतो, पानांना हात लावतो, दोडकं मापाला हाताशी धरून फोटो काढतो आणि तो फोटो सात ग्रुपवर पाठवतो. ‘आजची तोडणी’ असं खाली लिहितो. पंधरा अंगठे, चार गुलाबाची फुलं आणि वर्गमित्राचं ‘नाद खुळा’ आलं की त्याचा दिवस संपतो. टिकवणारीचा दिवस तिथं सुरू होतो.

“अगं, लिंबं लई झाल्यात. लोणचं घाल की.”

“घालतो की. चिरून द्या.”

एवढं ऐकून पिकवणाऱ्याला अंगणात काहीतरी तातडीचं काम आठवतं.

लिंबाच्या झाडाचा कावेबाजपणा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. एप्रिलच्या उन्हात बाजारात लिंबाचे भाव चढतात, एकेक लिंबू मोजून मागून घ्यावं लागतं. त्या वेळी आपल्या झाडावर काटे असतात, पानं असतात, आश्वासनं असतात. जुलैत लक्ष्मीपुरीत लिंबं ढिगानं येऊन पडली की आपलंही झाड एका रात्रीत पिवळं होतं. लोणच्याच्या बरणीला आठ दिवस ऊन दाखवायचं असतं आणि आभाळ तर जूनपासून उघडलेलं नसतं. मग बरणी खिडकीत, गॅसजवळ, शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर अशी गरम जागा शोधत घरभर फिरते. आजीच्या बरणीला दादरा बांधलेला असे आणि तिला कोणी शिवायचं नसे. आताची बरणी जाता येता सगळे उघडून बघतात, “मुरलं का गं?” विचारतात आणि एक फोड खातात. मुरेपर्यंत अर्धी बरणी मुरलं का हे बघण्यातच संपलेली असते.

तरी लिंबू त्यातल्या त्यात सज्जन. त्याचा रसच इतका आंबट की जंतूंना त्यात घर करायची हिंमत होत नाही. त्यात बारा-पंधरा टक्के मीठ पडलं की फोडीतलं पाणी बाहेर येतं, त्याचा खार होतो, आणि त्या खारात बुरशीला प्यायला मोकळं पाणी उरत नाही. कैरीच्या लोणच्यावर तेलाचा थर असतो तो हवेला आत न सोडण्यासाठी. गुळांब्यात नि मुरंब्यात हेच काम गोड करतं; पाक नीट आटला, गोडाचा वाटा पासष्ट टक्क्यांच्या वर गेला, की पाणी असूनही जंतूला ते मिळत नाही. वाळवणात तर पाणीच काढून घेतलेलं. आजीला यातलं काही माहीत नव्हतं. ओला चमचा घातला तर ती हातावर चापट मारायची, एवढंच तिचं सूक्ष्मजीवशास्त्र. पण तिच्या लोणच्याला बुरा आल्याचं कोणाला आठवत नाही.

दोडकी, दुधी, पडवळ हे मात्र अवघड गिऱ्हाईक. त्यांच्यात आंबटपणा नाही, तिखटपणा नाही, स्वभाव नाही, नुसतं पाणी. ती टिकत नाहीत, फक्त वाढतात. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते, ती चांगलीच लागते, पण त्यासाठी आधी दोडकं खावं लागतं. दुधीचा हलवा होतो. त्याला दूध, साखर, तूप, वेलदोडे, काजू नि दीड तास ढवळणारा हात लागतो, म्हणजे फुकटच्या दुधीपायी दुकानातून सगळं आणायचं. घोसाळं वेलावर विसरलं तर ते जून होऊन वाळतं नि आत जाळी तयार होते. तिच्यानं अंघोळीला अंग घासता येतं. गल्लीत सगळ्यांना एकेक घासणी वाटून झाली की लक्षात येतं, घोसाळ्याचा हा एकच प्रकार कोणी परत करत नाही.

पपईचं झाड म्हणजे तर घरात पाहुणा ठेवून घेतल्यासारखं. ते कोणी लावत नाही. चोथ्याबरोबर बी पडतं नि वर्षभरात ते खिडकीतून आत बघायला लागतं. पिकलेल्या पपया एकदमच पिकतात. कच्च्या उतरवल्या तर त्यांची टूटीफ्रूटी होते, हे एकदा कोणी तरी मोबाइलवर बघतं आणि घरावर संकट येतं. बारीक चौकोनी तुकडे करायचे, उकडायचे, पाकात मुरवायचे, लाल-हिरवा-पिवळा रंग द्यायचा, वाळवायचे. सुट्टीचे दोन दिवस नि घरातली सगळी पातेली त्यात जातात. तयार होते ती अडीच वाटी टूटीफ्रूटी. तिचं करायचं काय, हे कोणालाच माहीत नसतं, कारण घरात केक कोणी करत नाही.

मिरचीचा मामला मात्र वेगळा. मिरचीपुढं कोल्हापुरात चेष्टा चालत नाही. खरं तर ही बाई पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आलेली. तिच्याआधी इथले लोक मिऱ्यावर भागवत होते. त्या काळी पैलवान एकमेकांवर कशाच्या जोरावर चिडत असतील, हा इतिहास संशोधकांनी घ्यावा असा विषय आहे. गच्चीवरच्या कुंड्यांतल्या हिरव्या मिरच्यांचं तीन प्रकारे होतं. रोजच्या मिरच्या तव्यावर लसूण-मिठाबरोबर भाजून, तांब्याच्या बुडानं रगडून खरडा होतात. जाड, कमी तिखट मिरच्यांना चीर देऊन धने, मेथी, हिंग, मीठ भरतात, ताकात बुडवतात, उन्हात वाळवतात. ती सांडगी मिरची. वर्षभर ती डब्यात निमूट बसून असते आणि एखाद्या रात्री दहीभाताबरोबर तळून आली की पक्वान्नाला मागं सारते.

तिसरा प्रकार म्हणजे लाल झालेल्या मिरच्यांचा. कुंड्यांतून हिवाळाभर जमवलेल्या लाल मिरच्या वाळून एका ओंजळीएवढ्या होतात. मार्च-एप्रिलात वर्षाची चटणी करायची वेळ येते. मग लक्ष्मीपुरीतून रंगाला ब्याडगी येते, तिखटाला संकेश्वरी नि लवंगी येते, मिरच्यांची देठं काढली जातात, खोबरं, तीळ, धने भाजले जातात, कांदा तळला जातो, लसणाचा डोंगर सोलला जातो. हे सगळं डब्यांत भरून डंकावर जायचं. डंकाच्या दारात गल्लीतल्या बायका नंबर लावून शिंकत बसलेल्या असतात आणि शिंकांच्या मधल्या वेळात अख्ख्या शहराच्या बातम्या सांगून होतात. या पाच किलो मालात घरची ती ओंजळभर मिरची शेवटी टाकली जाते. लाल रंगाचा ढीग घरी आला, की पिकवणारा बोटावर चिमूट घेऊन पाहुण्यांना सांगतो, “घरच्या मिरचीची चटणी हाय ही. बाजारची आम्ही खात न्हाई.”

पाहुणे मान डोलावतात. आत ओट्याशी उभी असलेली बाई काही बोलत नाही. तिच्या हातांची आग अजून थांबलेली नसते.

हा पक्षपात काही कोल्हापूरनं शोधून काढलेला नाही. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाच्या एका मिठाईवाल्यानं अन्न काचेच्या बाटल्यांत भरून, बुचं गच्च बसवून, उकळत्या पाण्यात ठेवून टिकवण्याची रीत बसवली. १८१० मध्ये सरकारनं त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. अन्न का टिकतं हे त्यालाही सांगता येत नव्हतं. ते पुढं अर्ध्या शतकानं पाश्चरनं सांगितलं. त्याच १८१० मध्ये इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. जगभर कौतुक झालं. पण डबा उघडायचं यंत्र निघालं ते १८५० च्या दशकात. मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी-हातोडा घेऊन डबे फोडत होते. डबा बंद करायची अक्कल ज्यांना सुचली, त्यांना तो उघडणार कोण हा प्रश्न काही पडला नाही. आपल्याकडं झाड लावणाऱ्याला कापणार कोण हा प्रश्न पडत नाही, त्याचंच हे विलायती भावंड.

आणि तरीही टिकवणारी टिकवत राहते. का, ते २०१९ च्या ऑगस्टात कळलं. पंचगंगेनं धोक्याची पातळी केव्हाच मागं टाकली होती, पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद पडला होता. बाजारात भाजी नाही, दुधाची ओरड, पेट्रोलला रांगा. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यावर विनोद होऊ शकत नाही. पण उंचावरच्या घरांत त्या आठवड्यात एक गोष्ट झाली. एरवी ‘कशाला इतकं करत बसतेस, बाजारात सगळं मिळतं’ म्हणणारे सगळे फडताळासमोर ओळीनं उभे राहिले. लिंबाचं लोणचं उतरलं, सांडगी मिरची तळली गेली, चटणीचा डबा ताटाशेजारी आला. छावण्यांकडं भाकऱ्यांच्या चळती निघाल्या तेव्हा त्यांच्यावरही तीच चटणी होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पूर आला, पुन्हा महामार्ग अडला, पुन्हा बरण्या उतरल्या. त्या दिवसांत अंगणातला वेल पावसानं झोपला होता. सात ग्रुपवरचे फोटो खायच्या उपयोगाचे नव्हते.

पाणी ओसरल्यावर पिकवणाऱ्या पक्षानं धडा घेतला. दुसऱ्याच रविवारी त्यानं रोपवाटिकेतून आवळ्याचं रोप आणलं. आवळा टिकतो, मोरावळा होतो, सुपारी होते, सरबत होतं, असं त्यानं जेवताना समजावून सांगितलं. ऐकणारीच्या डोळ्यांसमोर पाच वर्षांनंतरचे किलोच्या किलो आवळे आले. प्रत्येकाला काट्यानं टोचे मारायचे असतात. शिवाय कैऱ्यांच्या गुळांब्यापायी शाहूपुरीतून आणलेली गुळाची ढेप फोडताना तिचा हात आधीच दुखावला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, तिथं गुळाचा व्यापार वाढला, कोल्हापुरी गूळ दूरदूर गेला, हे सगळं अभिमानाचंच आहे. पण ढेप अजूनही घरच्या बाईलाच फोडावी लागते.

एवढ्यावरून कोणी परसबाग करू नका असा निष्कर्ष काढू नये. जरूर करा. कढीलिंब लावा, लिंबू लावा, मिरचीला उन्हाची कुंडी द्या, उद्यमनगरातून मांडवही करून आणा. फक्त काही पथ्यं पाळा. घरात जितकी माणसं, तितकेच वेल. दोडकं हातभर होण्याची वाट न बघता कोवळं असतानाच तोडा. मग ते वाटावं लागत नाही, घरातच संपतं. फोटो काढायचाच असेल तर तो सोललेल्या लसणाचा काढा आणि ज्यानं सोलला त्याचं नाव खाली लिहा. कैऱ्या उतरवल्या त्या दिवशी अडकित्ता घेऊन स्वतः बसा. लोणचं कसं मुरतं हे दोन किलो कैऱ्या फोडल्याशिवाय कळत नाही. त्यानंतर न विचारता बरणीत बोट घालायची इच्छाही होत नाही.

पिकवणं हा छंद आहे, टिकवणं हे काम आहे. छंद करणाऱ्यानं कामाला हात लावला, तर घरात भांडण कमी होतं आणि लोणचं जास्त होतं. म्हणून नवं रोप आणलंत, तर खड्डा खणण्याआधी घरात सगळ्यांसमोर एकदा मोठ्यानं विचारा, “हे कापणार कोण?” उत्तर तुमच्याच तोंडून “मी” असं आलं, तरच कुदळ उचला.